जंताची गोळी: काय साधले, काय उरले

वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला, महाराष्ट्रातल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना एक गोळी चावून खायला लावतात. गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तिची अर्धी, कुटून पाण्यात कालवून. केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या ११ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र होता. पुढच्या वर्षी हा कार्यक्रम देशभर गेला. आज जगातल्या सर्वांत मोठ्या औषधवाटपांत त्याची गणना होते. ज्या औषधावर सरकार, शाळा, आशा सेविका आणि पालक इतका भरवसा ठेवतात, त्याने नेमके काय साधते, यावर मात्र जगभरचे संशोधक वीसेक वर्षे भांडत आहेत. एका बाजूचे म्हणणे, इतक्या स्वस्तात मुलाचे आयुष्य बदलणारे दुसरे साधन नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सरसकट वाटलेल्या गोळीने वजन, रक्त आणि अभ्यास यांत मोजण्याजोगा फरक पडल्याचा पुरावा नाही. दोन्ही बाजूंना जाणकार माणसे आहेत आणि दोघांच्याही हाती खरे आकडे आहेत. मग उत्तर इतके वेगळे का येते? या लेखाचे म्हणणे असे की वाद औषधाचा कमी आणि जागेचा जास्त आहे: कोणता जंत, किती, कोणाच्या पोटात आणि कसल्या जमिनीवर, हे ठरवल्याशिवाय गोळीची किंमत ठरवता येत नाही. म्हणून हा आढावा घेताना एक गाव समोर ठेवू. रत्नागिरी तालुक्यात, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या मुखावरचे पूर्णगड.

जंत आणि जमीन

मातीतून पसरणारे मुख्य जंत तीन. गोलकृमी, ज्याला लोक नुसते ‘जंत’ म्हणतात. चाबकाच्या आकाराचा चाबूककृमी. आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा अंकुशकृमी. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना यांपैकी कशाची ना कशाची लागण असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पहिले दोन तोंडावाटे शिरतात. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, ती शौचावाटे जमिनीवर पडतात, सावलीच्या ओल्या मातीत पिकतात आणि नखांतून, भाजीवरून किंवा पाण्यातून पोटात जातात. अंकुशकृमीची रीत निराळी. त्याच्या अंड्यातून अळी मातीतच बाहेर पडते, आठ-दहा दिवसांत लागण करण्याजोगी होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. रक्ताबरोबर ती फुप्फुसात जाते, तिथून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात. अंकुशकृमीची एक जात दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त घेते, दुसरी त्याच्या पाच-सहापट. एका कृमीचा हा हिशेब क्षुल्लक वाटतो. पोटात शंभर-दोनशे कृमी असतील आणि जेवणात लोह कमी असेल, तर वर्षभरात शरीर पांढरे पडते.

आता पूर्णगडचा परिसर पाहा. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली जांभा, वर लाल माती, वाड्यांभोवती नारळ, पोफळी, आंबा, काजू यांची दाट सावली, खाचरांत चिखल. उष्ण, ओली, सावलीची आणि सहज पाणी झिरपणारी जमीन अंकुशकृमीच्या अळीला सर्वांत मानवते. लावणी, बेणणी, बागेतले शिंपण ही कामे बहुधा अनवाणी पायांनी होतात, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा. उलट एप्रिल-मे महिन्यांत सडा तापतो, माती कोरडी पडते, उघड्यावरच्या अळ्या मरतात. म्हणजे जंतांच्या दृष्टीने इथे वर्षाचे दोन अगदी वेगळे भाग पडतात. पुढच्या चर्चेत हा मुद्दा लागणार आहे.

औषधे कुठून आली

जंतांवरचा इलाज ही आधुनिक वैद्यकाची एकट्याची मिरास नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत: अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोसणारी शरीरातली स्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन म्हणजे कारण टाळणे. वावडिंग, पळसाच्या बिया, कपिला, किरमाणी ओवा ही द्रव्ये पहिल्या दोन पायऱ्यांची. कोकणातल्या घरांत लहान मुलांना वावडिंगाचे पाणी, डिकेमाली देण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे. यांतल्या काही द्रव्यांत कृमींवर परिणाम करणारे घटक खरोखर आहेत. किरमाणी ओव्याच्या जातीच्या वनस्पतींतून निघालेले सँटोनिन एकोणिसाव्या शतकापासून पाश्चात्त्य दवाखान्यांतही गोलकृमीवर वापरात होते. आपल्या साध्या ओव्यातून मिळणारे थायमॉल तर १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर यांच्या पैशाने झालेल्या अंकुशकृमीविरोधी मोहिमेचे मुख्य औषध होते. या जुन्या औषधांची अडचण एकच. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते, म्हणून ती वैद्याच्या नजरेखाली एकेका रोग्याला देता येत, गावाला वाटता येत नसत.

ते अंतर वाढले तेव्हा सगळे चित्र पालटले. १९४७ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या संशोधनातून डायइथाइलकार्बामॅझिन हे हत्तीरोगावरचे औषध पुढे आले. आजही ते आपल्या देशात वाटले जाते. १९५० च्या दशकात पिपरझीन आले. १९६० आणि १९७० च्या दशकांत टेट्रामिसोल, लेव्हामिसोल, पायरँटेल, मेबेंडाझोल, प्राझिक्वांटेल आणि अल्बेंडाझोल एकापाठोपाठ एक आली. १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन माणसांसाठी वापरात आले; त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. यांतली बरीचशी औषधे प्रथम मेंढ्या, गुरे आणि घोडे यांच्यासाठी शोधली गेली. बाजारपेठ गुरांची होती, माणसांची गरिबी कोणाच्या हिशेबात नव्हती. गेल्या चाळीस वर्षांत माणसांच्या आतड्यातल्या जंतांसाठी पूर्णपणे नवे म्हणावे असे औषध जवळजवळ आलेले नाही, याचे कारणही हेच.

या औषधांच्या कामाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल कृमीच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. पेशींची आतली वाहतूक थांबते, कृमीला साखर शोषता येत नाही आणि तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. पायरँटेल आणि लेव्हामिसोल कृमीचे स्नायू आखडून टाकतात, आयव्हरमेक्टिन ते लुळे पाडते. औषध कृमीलाच बाधते आणि माणसाला फारसे बाधत नाही, म्हणून ही औषधे तपासणीशिवाय सरसकट देण्याचा विचार शक्य झाला. अर्थात ‘फारसे नाही’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात, आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत, आणि पोटात जंत फार असतील तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी किंवा उलटी होऊ शकते. ती बहुधा दिवसभरात शमते.

गोळी जंत मारते का

या प्रश्नावर मतभेद कमी आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोलकृमीचे सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे होतात, अंकुशकृमीचे सुमारे ८०, आणि चाबूककृमीचे जेमतेम ३१. मेबेंडाझोलची एक मात्रा अंकुशकृमीवर याहून बरीच दुबळी, ३२-३३ टक्क्यांवर. म्हणजे ‘जंताची गोळी’ असे एक नाव असले तरी तिची ताकद जंतागणिक बदलते. चाबूककृमीसाठी अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिनची जोड दिली तर परिणाम स्पष्टपणे सुधारतो, आणि दोन्ही एकाच गोळीत आणणाऱ्या औषधाला युरोपीय औषध संस्थेने २०२५ च्या आरंभी अनुकूल मत दिले आहे.

मतभेद सुरू होतात ते पुढच्या प्रश्नापाशी: मारलेले जंत किती दिवस मेलेले राहतात? गोळी पोटातले कृमी मारते, अंगणातली माती तशीच राहते. २०१२ सालच्या एका आढाव्यात वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा उपचारानंतर बारा महिन्यांनी गोलकृमीचे प्रमाण मूळच्या ९४ टक्क्यांवर परत आलेले दिसले, चाबूककृमीचे ८२ टक्क्यांवर, अंकुशकृमीचे ५७ टक्क्यांवर. हे आकडे वाचून गोळी फुकट गेली असे वाटणे साहजिक आहे, पण तसे म्हणणे चुकीचे होईल. लागण झालेल्यांची टक्केवारी आणि प्रत्येकाच्या पोटातली कृमींची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभराने मुलाला पुन्हा लागण झालेली असली तरी पूर्वी दोनशे कृमी होते तिथे वीस असू शकतात, आणि अपाय संख्येवर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्टही लागण शून्यावर आणण्याचे नसून मध्यम आणि तीव्र लागण अगदी कमी करण्याचे आहे. अंकुशकृमी सावकाश परततो, हीसुद्धा कोकणासारख्या प्रदेशासाठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे: त्याच्यावर दिलेली मात्रा अधिक काळ टिकते.

मुलाला त्याचा काय लाभ

खरा वाद इथे आहे. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी केनियाच्या बुसिया भागातल्या ७५ शाळांत १९९८ पासून केलेला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतनाशके दिलेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, आणि गोळी न मिळालेल्या शेजारच्या मुलांनाही लाभ झाला, कारण माती कमी दूषित होऊ लागली. या निष्कर्षाने जगभरच्या शालेय कार्यक्रमांना बळ दिले. पुढे २०२१ मध्ये त्याच मुलांचा वीस वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा दोन-तीन वर्षे जास्त गोळ्या मिळालेल्यांची ताशी कमाई १३ टक्क्यांनी आणि घरखर्च १४ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतल्या जुन्या थायमॉल मोहिमेच्या नोंदी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनाही शाळेतली उपस्थिती आणि पुढची कमाई वाढल्याचे दिसले होते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच वजनदार आहे, आणि त्याचा मोठा भाग भारतातलाच. उत्तर प्रदेशात लखनऊच्या आसपास ७२ तालुकावजा गटांत, अंगणवाड्यांमार्फत, सुमारे दहा लाख मुलांवर पाच वर्षे चाललेल्या ‘देवता’ या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यू किंवा वजन यांत ठोस फरक दिसला नाही. मिगेल-क्रेमर यांच्या आकड्यांची फेरतपासणी २०१५ मध्ये झाली, तेव्हा त्यांत गणिताच्या चुका सापडल्या आणि शेजारच्या शाळांना झालेला लाभ बराच कमी भरला. कॉक्रेन या संस्थेचे आढावे पुन्हापुन्हा एकाच निष्कर्षावर येतात: सर्व मुलांना सरसकट गोळी दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन, बुद्धिमापन किंवा परीक्षेतली प्रगती यांत फारसा फरक पडत नाही. ज्यांची लागण तपासून निश्चित झाली आहे त्यांना औषध दिल्याने वजन वाढू शकते, हे तेही मानतात.

दोन्ही बाजू खऱ्या कशा असू शकतात, याची किल्ली आकड्यांच्या मागच्या गावांत आहे. बुसियातल्या ९२ टक्के मुलांना कुठल्यातरी जंताची लागण होती, ३७ टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र, आणि प्रयोगाच्या सुमारास एल निनोच्या अतिवृष्टीने ती आणखी वाढलेली. उत्तर प्रदेशातल्या मुलांच्या पोटातले ओझे त्या मानाने हलके. जिथे दहांतल्या एका मुलाला किरकोळ लागण आहे तिथे दहाही मुलांना गोळी देऊन सर्वांचे सरासरी वजन मोजले, तर उरलेल्या नऊंच्या गर्दीत एकाचा लाभ विरघळून जातो. कॉक्रेनचे टीकाकार हाच आक्षेप घेतात, आणि २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका एकत्रित विश्लेषणाने लागण जास्त असलेल्या भागांत वजनवाढ अधिक दिसते असे दाखवले. त्यावर कॉक्रेनच्या बाजूचे उत्तर असे की मग सरकारांनी लागण जास्त आहे हे आधी मोजून दाखवावे. सरासरी लाभाचे आश्वासन देऊन सरसकट वाटप करू नये. माझ्या मते हे उत्तर रास्त आहे, आणि त्याने गोळीचे समर्थन दुबळे न होता नेमके होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रे तेच सांगतात: लागण २० टक्क्यांच्या वर असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा.

भारताचे स्वतःचे आकडेही हा फरक दाखवतात. सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार छत्तीसगडमध्ये लागण २०१६ मध्ये ७४.६ टक्के होती, ती २०१८ मध्ये १३.९ वर आली. सिक्कीममध्ये २०१५ च्या ८०.४ वरून २०१९ मध्ये ५०.९. आंध्र प्रदेशात मात्र ३६ वरून ३४.३, म्हणजे जवळपास तिथेच. कोरड्या राजस्थानात २१.१ वरून एक टक्क्याच्याही खाली. गोळी एक, निकाल चार तऱ्हांचे. शिवाय याच वर्षांत स्वच्छ भारत मोहिमेत संडास बांधले जात होते आणि तुलनेला गोळी न दिलेली राज्ये नव्हती. तेव्हा घटीचे सगळे श्रेय गोळीला देता येत नाही, तसेच ते नाकारताही येत नाही.

वाटपाबाहेर राहिलेली माणसे

शाळा आणि अंगणवाडी हे वाटपाचे सोयीचे ठिकाण, म्हणून कार्यक्रम १ ते १९ वर्षांच्या मुलांभोवती उभा राहिला. गोलकृमी आणि चाबूककृमी यांचे ओझे मुलांतच जास्त असते, त्यामुळे त्यांच्यासाठी ही आखणी ठीक आहे. अंकुशकृमीचे तसे नाही. त्याची लागण वयाबरोबर वाढते आणि प्रौढपणी टिकून राहते. चिखलात काम करणारी चाळिशीची बाई त्याचे मोठे ठिकाण. पूर्णगडसारख्या गावात शाळेतल्या सर्व मुलांना गोळी मिळाली तरी खाचरातल्या आणि बागेतल्या मातीत अंडी पडत राहतात, आणि पुढच्या पावसात तीच मुले पुन्हा त्या मातीवर चालतात. केनियाच्या क्वाले भागात झालेल्या चाचणीत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, फक्त शाळकरी मुलांऐवजी सगळ्या गावाला औषध दिले तेव्हा अंकुशकृमीची लागण अधिक घटली. तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळही याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली आहे.

महाराष्ट्रात रक्तक्षयाचे प्रमाण पाहिले तर प्रौढ स्त्रियांचा प्रश्न किती मोठा आहे ते कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांना आणि १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याचे मुख्य कारण अन्नातले अपुरे लोह आहे आणि जंत हे त्यातले एकच कारण आहे. सगळा दोष जंतांवर टाकणे चूक ठरेल. पण लोहाच्या गोळ्या देऊन, आतड्यात रक्त पिणारा कृमी तसाच ठेवला, तर लोहाचा काही भाग त्याच्याच वाट्याला जातो. सरकारने ही त्रुटी काही प्रमाणात ओळखली आहे: ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल देण्याची तरतूद आहे, आणि अलीकडे २० ते २४ वयाच्या स्त्रियांनाही फेब्रुवारीच्या फेरीत घेतले जाते. पंचवीस ते पन्नास वयाची कष्टकरी स्त्री मात्र अजून बाहेरच आहे. तिकडे विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत प्रौढांनाही डायइथाइलकार्बामॅझिनबरोबर अल्बेंडाझोल मिळते, नागपूरसारख्या ठिकाणी आयव्हरमेक्टिनही. म्हणजे एकाच राज्यात, दुसऱ्याच रोगाच्या निमित्ताने, काही जिल्ह्यांतल्या प्रौढांचे जंत जातात आणि बाकीच्या जिल्ह्यांतल्यांचे राहतात.

औषधाला न जुमानणारे जंत

प्रौढांना गोळी द्यावी या सूचनेवरचा गंभीर आक्षेप असा की जितक्या जास्त पोटांत औषध जाईल तितकी औषधाला न जुमानणाऱ्या कृमींची निवड होत जाईल. या भीतीला आधार आहे. या गटातले पहिले औषध, थायाबेंडाझोल, १९६१ मध्ये आले आणि तीनच वर्षांत मेंढ्यांच्या पोटातल्या कृमींत त्याला विरोध दिसला. आज जगभरचे मेंढपाळ त्या विरोधाने जेरीस आले आहेत. ट्युब्युलिन घडवणाऱ्या जनुकातले ज्या जागांवरचे बदल मेंढ्यांच्या कृमींना वाचवतात, तसलेच बदल माणसांच्या कृमींतही अधूनमधून सापडू लागले आहेत. माणसांत औषध सरसकट निकामी झाल्याचा पुरावा मात्र अजून नाही. मेंढ्यांच्या कळपात सगळ्या जनावरांना वरचेवर औषध मिळते, तेव्हा जुने, औषध न लागलेले कृमी उरतच नाहीत. माणसांत बहुसंख्य प्रौढ उपचाराबाहेर असल्याने असे कृमी शिल्लक राहतात आणि विरोधी जात एकदम वरचढ होत नाही. म्हणजे ज्या प्रौढांना वगळल्याबद्दल आपण वर तक्रार केली, तेच एका अर्थाने औषधाचे आयुष्य वाढवत आहेत. हा पेच खरा आहे. माझ्या मते त्यातून निघणारा निष्कर्ष असा की प्रौढांना द्यायचेच तर लागण मोजून, ठरावीक गावांत आणि ठरावीक वर्षांसाठी द्यावे, आणि दर काही वर्षांनी गोळीनंतरच्या शौचात अंडी किती घटली हे तपासावे. ती तपासणी साध्या सूक्ष्मदर्शकाने होते.

औषधावाचून गेलेला जंत

महाराष्ट्रातल्या वाचकाला नारूची आठवण असेल. पायऱ्यांच्या विहिरींतल्या पाण्यातून पसरणाऱ्या या कृमीवर आजवर कोणतेही औषध सापडलेले नाही. तरीही देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी गाळून पिणे, विहिरींना कठडे बांधणे, हातपंप बसवणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर हे साधले. चरकाच्या भाषेत सांगायचे तर अपकर्षण अपुरे होते, निदानपरिवर्जनाने काम केले. यावरून कोणी म्हणेल की गोळ्या कशाला, संडास बांधा. पण संडासांचा पुरावाही सरळ नाही. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात १०० गावांत झालेल्या चाचणीत संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी मुलांमधल्या जंतांच्या लागणीत फरक पडला नाही. बांधलेला संडास सगळे वापरतात असे नाही, आणि गावातली थोडी माणसे उघड्यावर गेली तरी माती दूषितच राहते. कोकणात आणखी एक अडचण आहे: जांभ्यात खोल खड्डा खणणे महाग पडते, आणि पावसाळ्यात पाणी वर येते तेव्हा उथळ शोषखड्ड्यातले पाणी झिरपून परसात पसरू शकते. गोलकृमीची अंडी ओल्या मातीत वर्षाच्या वर जिवंत राहतात, म्हणून दोन खड्ड्यांच्या संडासातला भरलेला खड्डा वर्षाहून अधिक काळ बंद ठेवल्याशिवाय त्यातले खत बागेत घालणे धोक्याचे.

रत्नागिरी जिल्ह्याचाच आणखी एक दाखला इथे पाहायला हवा. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांत शिस्टोसोमा हा रक्तकृमी नोंदवला, आणि पुढे त्याचा वाहक म्हणून फेरिसिया जातीची एक लहान गोगलगाय पुढे आली. आफ्रिकेत कोट्यवधींना पीडणारा हा रोग भारतातल्या माणसांत स्थायिक झाल्याची ठळक नोंद आहे ती या एका गावाची. त्याच्यावर अल्बेंडाझोल चालत नाही, प्राझिक्वांटेल लागते. एका जिल्ह्यातल्या एका गावातला जंत शेजारच्या तालुक्यात नसतो, आणि त्याचे औषधही निराळे असते, हे यावरून कळते.

अजून न सुटलेले

तीन गोष्टी उघड्या आहेत. पहिली, गोळी केव्हा द्यावी. देशभरासाठी ठरलेले फेब्रुवारी आणि ऑगस्ट हे महिने कोकणाच्या पावसाशी जुळतात का? ऑगस्टमधली गोळी लागणीच्या ऐन हंगामात पडते, आणि सप्टेंबरच्या चिखलात नवी लागण होतच राहते. फेब्रुवारीची गोळी कोरड्या महिन्यांआधी येते. त्या वेळी पोटातले कृमी मारले तर मातीतून परत भर पडायला जून उजाडतो. म्हणून एकच फेरी ठेवायची झाली तर कोकणात फेब्रुवारीची ठेवावी, असे तर्काने वाटते. पण १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या अभ्यासातून दिसले की अंकुशकृमीच्या एका जातीच्या अळ्या माणसाच्या शरीरातच कोरडे महिने निपचित काढतात आणि पावसाच्या तोंडावर वाढू लागतात. अशा अळ्यांवर आतड्यातले औषध कितपत पोहोचते, हा प्रश्न शिल्लक आहे. दुसरी गोष्ट, थांबावे केव्हा. लागण कमी झाली की नेहमीची शौचतपासणी हलकी लागण चुकवू लागते, आणि जनुकावर आधारित महाग चाचण्या तालुक्याच्या पातळीवर नाहीत. त्यामुळे लागण खरोखर गेली की नुसती दिसेनाशी झाली, हे सांगता येत नाही. तिसरी, कोणी मोजावे. आजच्या पाहण्या राज्याच्या पातळीवर होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा, मराठवाड्यातला आणि खाडीकाठचा महाराष्ट्र एका टक्केवारीत बसवून कोकणातल्या खाचराचा निर्णय करता येत नाही.

या सगळ्या पुराव्यांवरून माझे मत असे झाले आहे: मुलांची गोळी चालू ठेवावी, कारण ती सुरक्षित आहे, स्वस्त आहे आणि तीव्र लागण खाली आणते, पण तिने वजन आणि अभ्यास वाढेल असे सर्वांना सांगू नये. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात पावसाळ्यानंतर शाळकरी मुलांच्या आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या शौचाची निवडक तपासणी व्हावी, आणि तिच्या निकालावर गोळी कोणाला, कोणती आणि वर्षातून किती वेळा हे ठरावे. पूर्णगडला किंवा तुमच्या गावात १० फेब्रुवारीला अंगणवाडी सेविका गोळी घेऊन येईल तेव्हा मूल आजारी नसेल तर ती जरूर घेऊ द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत एवढे विचारा की आपल्या गावातल्या मातीची आणि माणसांची तपासणी शेवटची केव्हा झाली.